सलाईनचा खिळा

तिसगाव, ता. पाथर्डी
८ नोव्हेंबर १९९६

चि. महेंद्र,

जय भीम आणि आशीर्वाद. दोन्ही आधीच लिहून टाकते, कारण पुढे माझी लेखणी कुठे घसरेल याचा भरवसा नाही.

‘तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाही’ अशी सुरुवात मनात बऱ्याचदा केली. खोटी वाटली म्हणून सोडून दिली. सहा वर्षांनी आई पत्र लिहिते म्हणजे काहीतरी मागायलाच, एवढं तुला कळत नसेल तर तुझ्या डॉक्टरकीचा उपयोग काय?

अक्काला बरं नाही. मी नगरला ट्रेनिंगला आणि मग परगावच्या शाळांवर होते तेव्हा ज्या मोठ्या आईने तुला न्हाऊमाखू घातलं, ती. माझी जाऊ आजारी आहे असं लिहिलं असतं तर तू पत्र घडी करून ठेवलं असतंस, म्हणून हे लांबण लावलं. दसऱ्यापासून तिचं जेवण दोन घासांवर आलं. पोटात दुखतं म्हणून ओवा खाल्ला, हिंग लावला, शेजारच्या दगडाबाईने सांगितलेला काढाही झाला. शेवटी मी तिला नगरला नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं की जठरात गाठ आहे, यकृतापर्यंत पसरली आहे. पुण्याला नेलं तर ऑपरेशनचा प्रयत्न करता येईल. मी विचारलं, त्याने काय होईल? ते म्हणाले, “बाई, केलं तरी आणि नाही केलं तरी, काही महिनेच.”

माळीवाड्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो. अक्का मला ‘बाई’ म्हणते हे तुला ठाऊक आहे. अख्खं गाव म्हणतं म्हणून तीही म्हणते, थोरली असून. म्हणाली, “बाई, आता खरं सांगा. शाळंत पोराला नापास झाल्यालं सांगता तसं सांगा.” मी सांगितलं. लोक म्हणतात आजाऱ्याला असलं सांगू नये, तो हाय खातो. मला ते कधी पटलं नाही. ज्याचा निकाल त्याला सांगायचा नाही तर कुणाला?

ती समोरच्या गाड्या बघत राहिली. मग म्हणाली, “बरं झालं सांगितलं. आता माझं दोन गोष्टीचं म्हननं हाय. मला पुन्याला न्यायचं न्हाई. आन हुरडा हुईस्तवर ठिवा मला. पांदीकडच्या रानात औंदा ज्वारी लई बेस हाय.” आणि भेळ मागवली. दोन घास खाल्ले, उरलेली मला संपवायला लावली.

पुण्याला का नाही, हे तुला सांगायला नको. तुझ्या बाबांना तू पुण्याला नेलंस. नळी उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले, काचेच्या खोलीत, तसेच ते गेले. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलले, आणि त्यानंतर तू तिसगावचं तोंड पाहिलं नाहीस. अक्काने ते बांधलेले हात माझ्याबरोबरच पाहिलेत.

आता मागणं. तू भूल देणारा डॉक्टर आहेस. माणसाला दुखू द्यायचं नाही हेच तुझं काम ना? ती दुखण्याने उठून बसते, गुडघे पोटाशी घेते आणि ओरडायला नको म्हणून पदर चावते. गावातल्या सूर्यभान डॉक्टरांची गोळी दोन तास टिकते. याच्या वरचं काही असतं का, घरी देता येईल असं? एवढंच कळव. येण्याचा आग्रह नाही. ती तुझी आठवण काढत नाही.

सौ. शुभांगीला आशीर्वाद.

आई


तिसगाव
२६ नोव्हेंबर १९९६

चि. महेंद्र,

तुझं दोन पानी पत्र मिळालं. अक्षर डॉक्टर झाल्यापासून बिघडलंय, पण लागलं. तू ॲम्ब्युलन्स पाठवणार, ओळखीचे सर्जन बघणार, खास खोली घेणार. सगळं आहे त्यात. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नाही.

मी एसटीडी बूथवरून फोनही केला होता. शुभांगी गोड बोलली, तू ऑपरेशनला गेला होतास. पुन्हा करणार नाही. मागे रांग उभी असते, बूथवाला पेपर वाचल्यासारखं करून सगळं ऐकतो, आणि मला तुझ्याशी जे बोलायचं ते त्या काचेच्या खोक्यात बोलता येत नाही. काचेच्या खोलीचा मला तिटकारा आला आहे.

‘आई, हट्ट सोड’ असं तू लिहिलंस. हट्ट माझा नाही, तिचा आहे. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, “लेकराला सांगा, मला मरायची भीती न्हाई. बांधून घ्यायची हाय.” यावर तुझ्या सर्जनकडे काही औषध असेल तर कळव.

घरात जत्रा भरलीय. भेटायला येणारा रिकाम्या हाताने कसा येईल? बिस्किटांचे पुडे इतके जमलेत की ओट्यावर दुकान टाकता येईल, आणि ज्या बाईच्या घशाखाली पेज उतरत नाही तिच्या उशाशी शहाळ्यांचा ढीग. येतात, तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, चहा पितात. मग उंबऱ्याबाहेर जाऊन बोलतात. परवा दगडाबाईने मात्र आतच विचारलं, “बाई, पोरगा यवढा डाक्टर आन म्हातारीला साधी सलाईनबी न्हाई लावली?”

तू पुण्यात राहून विसरला असशील. आपल्याकडे सलाईन हे औषध नाही, ती घराची अब्रू आहे. बाटली टांगली की पोरांनी केलं. नाही टांगली की म्हातारीला टाकून दिलं. वरच्या आळीतला एक म्हातारा गेला तेव्हा लोक रडायला लागले तरी बाटली ठिबकत होती. सूर्यभान डॉक्टरांनीच ती बंद केली. पण त्या घराला कुणी नाव ठेवलं नाही हेही खरं.

मी या सगळ्याला भीक घातली नसती. पण काल पुणतांब्याहून भिमाजी आला. अक्काच्या भावाचा थोरला मुलगा. बाई मेली कशी, हे विचारायचा हक्क माहेरचा. तो आल्या आल्या तिच्या पायाशी बसून रडला आणि मग मला अंगणात बोलावून म्हणाला, “मावशी, राग मानू नगा. उद्या आत्याचं बरंवाईट झालं, तर पुनतांब्यात मला विचारत्याल काय केलं म्हनून. मी काय सांगू? बिस्किटं चारली?” चाळीशीचा बाप्या, डोळे पुसत होता. त्याला मी काय बोलणार?

माझा प्रश्न पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या नजरेतून सुटणार नाही. घरी देता येईल असं, दुखणं थांबवणारं काही आहे का?

आई


तिसगाव
१२ डिसेंबर १९९६

महेंद्र,

सलाईन लावली. मी हो म्हणाले.

भिमाजी दुसऱ्यांदा आला तो चुलत्याला आणि दोन भावांना घेऊनच. ओट्यावर चौघे बसले आणि कुणी काही बोलेना. आरडाओरडा केला असता तर मी शाळेतल्यासारखी गप्प केली असती. गप्प बसलेल्या माणसांपुढे माझं काही चाललं नाही. सूर्यभान डॉक्टर हळूच म्हणाले, बाई, हिला याने काही फायदा नाही. मग ओट्याकडे बघून म्हणाले, पण लावू एखादी, मनाला बरं वाटतं. कुणाच्या मनाला, ते मी विचारलं नाही.

टांगायला काही नव्हतं. भिमाजीने वरवंटा घेतला आणि तुझ्या बाबांच्या फोटोशेजारी भिंतीत हा एवढा खिळा ठोकला. पोपडे अक्काच्या पांघरुणावर पडले. बाटली लागली, थेंब पडायला लागले, आणि खरं सांगते, सगळ्या घराने सुस्कारा सोडला. चौघेही पोटभर जेवले. दगडाबाईने ताक आणून दिलं. मलाही बरं वाटलं.

एकीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. आता तिचे पाय खांबासारखे सुजलेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. श्वासात घरघर आहे. आडवं होता येत नाही, मी पाठीशी बसून तिला टेकवून धरते. म्हणाली, “बाई, आतून भिजल्यावानी वाटतंय.” मी सूर्यभान डॉक्टरांना बोलावून सुई काढायला लावली, पण लोकांसाठी रिकामी बाटली खिळ्यावर तशीच टांगून ठेवली आहे. बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि माझ्याच घरात भिंतीवर खोटं लटकतंय.

आणखी एक खोटं आधीच्या पत्रात होतं. ती तुझी आठवण काढत नाही असं लिहिलं. रोज काढते. दुपारची नगर गाडी थांबली की माझ्याकडे बघते. विचारत नाही, नुसतं बघते.

ये. तुला हे पत्र मिळेल त्या दिवशी नीघ. गाडी घेऊन आलास तर रिकामी परत ने. तिला बांधून न ठेवता दुखणं थांबवता येत असेल तर ते घेऊन ये, आणि येत नसेल तर नुसता ये.

आई


तिसगाव
८ जानेवारी १९९७

चि. महेंद्र,

जय भीम. सगळं सविस्तर कळव म्हणालास, म्हणून सविस्तरच ऐक.

गोळ्या वेळेवर चालू आहेत. तू दर चार तासांनी म्हणून गेलास आणि घड्याळ ठेवून गेलास, पण मला घड्याळाची गरज पडत नाही. पाथर्डीकडे जाणारी पहिली गाडी, शाळेची घंटा, दुपारची सुट्टी, दिवेलागण आणि निजताना दुप्पट. जन्म घंटेवर गेला, तो आता कामाला आला. रोज एरंडेलही देते. मॉर्फिनने पोट बांधतं हे तू बजावलंस ते बरं केलंस; अक्का म्हणते, “लेकरानं दुखनं नेलं आन एरंडेल ठिवून गेला.”

तू आलास त्या दुपारचं तुला माहीत नसलेलं सांगते. तू दारातून आत आलास, कुणाशी न बोलता ती रिकामी बाटली खिळ्यावरून उतरवलीस, शर्ट काढून त्याच खिळ्याला अडकवलास आणि बनियनवर तिच्या पाठीशी बसलास. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तू पाणी काढायची गोळी दिलीस, मग ती दुसरी, पांढरी. संध्याकाळी ती पाय लांब करून झोपली. पाय लांब करून झोपलेली मी तिला दोन महिन्यांनी पाहिली. तू हात धुवायला मोरीत गेलास तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, “बाई, शर्ट कुनाचा हाय?” मी म्हटलं, तुमच्या लेकाचा. “मंग असू द्या,” म्हणाली.

आणि भिमाजी. मला वाटलं होतं आता तो तुझ्याशी भांडेल. सुई का काढली म्हणून त्याने विचारलंच. तू त्याला काय पटवत बसलास ते मी चुलीपाशी बसून ऐकत होते. पाण्याने श्वास कसा कोंडतो वगैरे. त्याला एक अक्षर कळलं नाही. मग तू म्हणालास, “भिमाजीदादा, तिचं तोंड सारखं कोरडं पडतं. बाटलीतलं पाणी तिच्या तोंडापर्यंत जात नाही. तुम्ही पुणतांब्याचं पाणी आणा आणि कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ भिजवा. हे काम माहेरच्या माणसाचं.” दुसऱ्या दिवशी तो गोदावरीचं, त्यांच्या भाषेत गंगेचं, पाणी कॅनभर घेऊन आला. मी म्हणाले, अरे आपण बौद्ध, गंगेचं काय कौतुक? अक्का फटकन बोलली, “गंगंचं कौतुक न्हाई वो, म्हायेरचं हाय.” आता तो दर आठवड्याला येतो, पाणी उकळून गार करतो, आणि मला कापूस हातात धरू देत नाही.

हुरड्याची बातमी मुद्दाम शेवटी ठेवली.

रविवारी नेलं. बैलगाडीत गादी घातली, तरी धक्के बसतील म्हणून भिमाजी आणि दगडाबाईच्या मुलांनी पांदीपासून पुढे बाजच उचलली. कणसं दुधातून नुकती बाहेर आलीत. गोवऱ्यांच्या आरावर भाजली, दगडाबाईने हातावर चोळून फुंकली. अक्काला काय खाता येणार? मी दाणे चेचून, दुधात कालवून बोटाने दिले. जेमतेम चार दाण्यांचा ऐवज. जिभेवर धरून बसली बराच वेळ. मग तिचं सुरू झालं. ताटं दाट पेरलीत, त्या टोकाला पाणी चुकलंय, पाखरं राखायला कुणी नाही, दगडाबाईची सून कणसं हिरवीच मोडते. मी म्हटलं, अक्का, तुम्ही आजारी आहात. म्हणाली, “आजारी हाय, आंधळी हाय का?” सगळे हसले, तीही हसली आणि मग दमून झोपली. उन्हात, बाजेवर, तोंडावर पदर घेऊन.

मी बांधावर बसून तिच्याकडे बघत होते आणि मला रडू आलं. दुःखाने नाही. मला वाटलं होतं, मरण म्हणजे फक्त सोसायचं असतं.

आता एक शंका. कालपासून दुखणं वाढलंय. दुखलं तर अर्धी वाढव, भिऊ नको, असं तू सांगून गेलास. वाढवली. पण गोळी मोडली की दोन्ही अर्ध्या पुन्हा पुन्हा ताडून बघते. जास्त झाली तर? तू तिकडे, ही इथे, आणि गोळी माझ्या हातात. तुला रोज असं वाटतं का रे?

आई


तिसगाव
२४ जानेवारी १९९७

चि. महेंद्र,

तू सोमवारी संध्याकाळी पोचलास तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. रात्री परत निघालास. आपण दोघं एका शब्दानेही नीट बोललो नाही, म्हणून आता लिहिते.

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीची गोळी मी दिली. पाण्यात विरघळवून, चमच्याने, जिभेच्या कडेला, तू दाखवलंस तशी. आदल्या दिवसापासून ती बहुतेक झोपूनच होती. हाक मारली की ‘हां’ म्हणायची. गोळीनंतर कपाळावरची आठी गेली. भिमाजी रात्रीपासून इथेच होता, तो ओठ भिजवत होता. शाळेच्या घंटेची वेळ होत आली तेव्हा तिचा श्वास लांब लांब यायला लागला. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. भिमाजी घाबरून मला म्हणाला, “मावशी, डाक्टरला बोलवू? बाटली लावू?” मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने स्वतःच मान हलवली आणि कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.

मी त्रिशरण म्हणायला लागले. दगडाबाई दारात उभी होती, तिने तिचं रामराम म्हटलं. शाळेची घंटा झाली. पोरांची प्रार्थना इथवर ऐकू येते. ती संपायच्या आत अक्का गेली. हात मोकळे होते तिचे. एक माझ्या हातात, एक भिमाजीच्या.

मी रडले नाही. तिची लुगडी घडी करून ठेवली, आलेल्यांना चहा केला. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी गेली, आणि मी झोपेतून उठून गोळ्यांच्या डबीकडे गेले. डबी हातात घेतल्यावर कळलं की आता कुणाला द्यायची नाही. तेव्हा मात्र भिंतीला धरून उभी राहिले.

त्या डबीपाशीच एक विचार आला आणि तो जात नाही. तूच मला सांगू शकतोस म्हणून विचारते, आणि आईला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नकोस. सकाळची गोळी मी दिली आणि चार तासांत ती गेली. शेवटचे काही दिवस मी डोस वाढवत होते. ती आजाराने गेली की माझ्या हाताने?

खरं असेल ते लिही. नापास झालेल्या पोराला सांगतात तसं.

आई


तिसगाव
१० फेब्रुवारी १९९७

चि. महेंद्र,

जय भीम.

काल अक्काच्या नावाचं पुण्यानुमोदन झालं, वंदना आणि मग जेवण. तुला ऑपरेशन सोडून येता येणार नाही हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. बोलला तो एकच, पुणतांब्याचा, भिमाजीचा चुलता. जेवताना म्हणाला, “डाक्टरचं घर आसून शेवटाला सलाईन न्हवती म्हनं.” मी उत्तर द्यायला वळले, पण भिमाजी माझ्या आधी बोलला. “काका, सलाईन न्हवती. पर आत्याच्या तोंडात शेवटाला पानी मी घातलं. आपल्या गंगंचं. तुमच्या बापाच्या तोंडात घातलं हुतं का कुनी? तवा तर बाटल्या दोन हुत्या.” चुलत्याने पत्रावळीत मान घातली. दगडाबाई नंतर मागे रेंगाळली आणि म्हणाली, माझ्या धन्याचंबी आता काय खरं न्हाई, तर डाक्टर आला की ती पांढरी गोळी इचारून ठिवा. मी म्हटलं, ती ज्याला त्याला देत नाहीत. पण तू आलास की त्याला बघून जा.

तुझं पत्र शनिवारी आलं. या वेळी अक्षर चांगलं काढलंस. ‘मोठी आई आजाराने गेली, आई. तुझ्या गोळीने ती फक्त दुखण्यावाचून गेली.’ हे वाक्य मी ओट्यावर बसून वाचलं आणि उन्हात बराच वेळ तशीच बसले.

मग त्याच्या खालचं वाचलं. ‘तू विचारलंस तरी. बाबांच्या वेळी मला हाच प्रश्न पडला होता. मी कुणाला विचारणार होतो? ज्या एका माणसाला विचारायचा, तिने तर आधीच उत्तर दिलं होतं.’ ‘तूच मारलंस त्यांना,’ असं त्या काचेच्या खोलीबाहेर मीच म्हणाले होते.

मी समजत होते, तू सहा वर्षं आला नाहीस तो माझ्यावर रागावून. ते मला सोसत होतं. पोरं आयांवर रागावतात. तू हा प्रश्न उराशी घेऊन पुण्यात बसला होतास, हे मला कुठे ठाऊक? मी हा प्रश्न तीन आठवडे सांभाळला, तर माझं अन्न गोड लागेना. तू सहा वर्षं सांभाळलास आणि रोज लोकांना भूल देत राहिलास.

आता नीट ऐक. हात बांधायला नको होते, हे मी आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. त्यावर आपलं पटणार नाही, आणि न पटो. भांडायला ये. पण तुझे बाबा आजाराने गेले, महेंद्र. तुझ्या हाताने नाही. मी स्वतः गोळी मोडून दिलेली आहे, मला आता यातलं कळतं, म्हणून सांगते. बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. मी कुणाला फुकट पास केलेलं नाही, हे तुझ्यापेक्षा कोण जास्त जाणतो?

घर तसंच आहे. अक्काची बाज बाहेर काढली. पांदीकडची ज्वारी काढायला आली आहे, दगडाबाईची मुलं काढून देणार आहेत. भिंतीला चुना द्यायला माणूस आला होता. त्याने तो खिळा उपटायला पक्कड लावली, मी नको म्हणाले. तो म्हणाला, बाई, मोकळाच खिळा दिसायला वाईट दिसतो, कॅलेंडर तरी अडकवा. मी तेही अडकवलं नाही.

माझी वेळ येईल तेव्हा मला बाटली नको. तुझा शर्ट त्या खिळ्याला असला म्हणजे झालं. आणि तोवर खिळा गंजायला नको, म्हणून अधूनमधून येत जा. शुभांगीलाही आण.

तुझी,
आई